विशिखेत पाऊल ठेवताना

(आंतरवासिता पूर्ण केलेल्या नवपदवीधर डॉक्टरांच्या आणि त्यांच्या पालकांच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातला मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली, ही वार्ता निकालाच्या दिवशीच वाड्यावस्तीत पोहोचते. पेढे वाटले जातात, दारावर नावाची पाटी लावण्याची घाई होते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती व्यक्ती त्या दिवशी डॉक्टर झालेली नसते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, अंतिम परीक्षा, राज्य परिषदेची तात्पुरती नोंदणी, त्या नोंदणीच्या आधारे एक वर्षाची आंतरवासिता आणि त्यानंतर कायम नोंदणी, असा तो क्रम आहे. विद्यापीठ पदवी देते. रुग्णाच्या देहाला हात लावण्याचा अधिकार परिषदेच्या नोंदवहीतील क्रमांक देतो. कुटुंबात या क्रमांकाकडे एक कागदी सोपस्कार म्हणून पाहिले जाते. अर्ज भरला, शुल्क भरले, प्रमाणपत्र आले, संपले! या सोपस्कारामागे किती मोठा विचार आणि केवढा संघर्ष उभा आहे, त्याचे स्मरण आजच्या प्रसंगी उचित ठरेल.

राजाची अनुज्ञा आणि राजाचा दोष

वैद्याची नोंदणी ही कल्पना इंग्रजांनी आणली, असा एक सार्वत्रिक समज आहे. नोंदवहीचे आजचे रूप इंग्रजी आहे, हे खरेच. १८५८ साली ब्रिटनमध्ये वैद्यक कायदा झाला आणि जनरल मेडिकल कौन्सिल अस्तित्वात आली. परंतु ज्याला ज्ञान आहे त्यानेच चिकित्सा करावी आणि ते ज्ञान आहे की नाही हे राज्याने पाहावे, हा विचार या भूमीला नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ या नावाने ओळखला जातो. विशिखा म्हणजे रस्ता. शिक्षण संपवून वैद्याने लोकांत, व्यवसायाच्या वाटेवर पाऊल कधी ठेवावे, याचे विवेचन तेथे आहे. शास्त्राचे अध्ययन झालेले असावे, त्याचा अर्थ समजलेला असावा, शस्त्रकर्मे पाहिलेली आणि स्वतः केलेली असावीत. आणि एवढे सगळे झाल्यावरही तो ‘राजानुज्ञात’ असावा, म्हणजे राजाची अनुमती त्याला मिळालेली असावी! पुढे नखे-केस कापलेले, स्वच्छ वस्त्र, अनुद्धत वेश, कल्याणकारी वाणी, कपटरहित वृत्ती अशी लक्षणे येतात. अध्ययन, प्रात्यक्षिक, राज्याची अनुज्ञा आणि आचारसंहिता हे आजच्या नोंदणीचे चारही खांब त्या एका अध्यायात आहेत.

त्याच ग्रंथात आणखी एक मार्मिक विचार आहे. केवळ पोथी जाणणारा किंवा केवळ हातचलाखी असलेला वैद्य हा एका पंखाच्या पक्ष्यासारखा होय. आणि लोभापायी लोकांचे प्राण घेणारा कुवैद्य समाजात वावरतो, तो राजाच्या दोषामुळे. भोंदू वैद्याचे पाप शासनाच्या माथी मारण्याचे हे धाडस आजही विचार करायला लावणारे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर प्राणघातक रोगाची सूचना न देता चिकित्सा करणाऱ्या आणि त्यात रोग्याला गमावणाऱ्या वैद्यासाठी दंड सांगितला आहे.

याचा अर्थ प्राचीनांचे सारेच जसेच्या तसे स्वीकारावे असा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला जे अनुशासन देतो, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न सांगण्याचा, परधनाचा लोभ न धरण्याचा आणि जिवावर बेतले तरी रुग्णाचे अहित न करण्याचा उपदेश आहे. त्याच ठिकाणी राजाच्या शत्रूची किंवा रक्षक जवळ नसलेल्या स्त्रीची चिकित्सा करू नये, असेही सांगितले आहे. पहिला भाग शाश्वत, दुसरा त्या काळाचा. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने महर्षी चरक शपथेचे सुधारित रूप सुचविले, तेव्हा पुष्कळ वादंग झाले. शपथ कोणत्या भाषेतली यापेक्षा ती पाळली जाते का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. परंपरेचा अभिमान नीरक्षीरविवेकासहच शोभतो.

पारतंत्र्यातील नोंदवही

आता अर्वाचीन काळाकडे वळू. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची स्थापना १८४५ची. १८५१ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्यार्थी तेथून बाहेर पडले. आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पदवी मिळविली. कोल्हापूर दरबाराने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नियुक्ती केली; पण काम सुरू करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या काळी मुंबई प्रांतात डॉक्टरांची नोंदवहीच नव्हती. ती आली १९१२च्या मुंबई वैद्यक कायद्याने. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा. बंगाल आणि मद्रास यांनी १९१४ साली त्याचे अनुकरण केले.

भोंदूंना आळा घालणे हा हेतू चांगलाच होता. परंतु नोंदवहीची लेखणी परक्याच्या हाती असली की काय होते, याचाही अनुभव देशाला लवकरच आला. कोलकात्यात राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींनी सरकारी मदतीवाचून नॅशनल मेडिकल कॉलेज चालविले होते. नागपुरात ‘वंदे मातरम्’च्या घोषणेवरून शाळा सोडावी लागलेले केशव बळीराम हेडगेवार १९१० साली याच महाविद्यालयात दाखल झाले आणि १९१४ साली अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाले. अशा राष्ट्रीय संस्थांच्या पदव्यांना सरकारदरबारी मान्यता नव्हती. पुढे तर पदव्या देण्याचा अधिकारच सरकारमान्य संस्थांपुरता मर्यादित करणारे विधेयक आले. ‘बोगस मेडिकल डिग्रीज बिल’ या नावानेच ते ओळखले गेले. देशी लोकांनी स्वकष्टाने उभारलेल्या संस्थेच्या पदवीला ‘बोगस’ म्हणणे, हा अपमान तरुणांना झोंबला. कोलकात्यात त्याविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात हेडगेवार आघाडीवर होते, असे त्यांचे चरित्र सांगते. १९१६ साली भारतीय वैद्यकीय पदव्यांचा कायदा झालाच.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. उमेदवारीचे वर्ष पूर्ण करून डॉक्टर नागपूरला परतले आणि त्यांनी आयुष्यात कधी दवाखाना थाटला नाही. ज्या अधिकारापासून स्वतःला एक पैसाही मिळवायचा नव्हता, त्यासाठी हा तरुण झगडला; कारण प्रश्न त्याच्या पाटीचा नव्हता, समाजाच्या स्वाभिमानाचा होता.

दुसरा प्रसंग १९३०चा. प्रसूतिशास्त्राच्या प्रशिक्षणावरील आक्षेपांपासून सुरू झालेल्या वादाची परिणती अशी झाली, की ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. आपल्या पदवीचे मोल लंडनने ठरवायचे, ही अवस्था यापुढे चालणार नाही ही जाणीव तीव्र झाली आणि १९३३ साली भारतीय वैद्यकीय परिषदेचा कायदा झाला. संपूर्ण देशाची एक वैद्यकीय नोंदवही मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५६च्या कायद्याने आली. त्या कायद्याची जागा आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ याने घेतली असून २५ सप्टेंबर २०२० पासून आयोग कार्यरत आहे. आज नवा डॉक्टर अर्ज करतो तेव्हा त्याची पात्रता ठरविणारे स्वकीय असतात. हे फुकट मिळालेले नाही.

अर्ज करताना

प्रत्यक्ष अर्जाविषयी थोडे. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषद कायदा, १९६५ अन्वये होते. आंतरवासिता पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, विद्यापीठाचे उत्तीर्णतेचे किंवा पदवीचे प्रमाणपत्र, जन्मतारखेचा आणि ओळखीचा पुरावा अशी कागदपत्रे लागतात. अडचण बहुधा कागदांच्या अभावामुळे येत नाही; ती नावाच्या विसंगतीमुळे येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारपत्रावर दुसरे, पदवीवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग तिसरेच! विवाहित भगिनींच्या बाबतीत हे विशेष घडते. ही दुरुस्ती आंतरवासितेच्या वर्षातच करून घ्यावी. मूळ कागदपत्रे कोणा मध्यस्थाच्या हाती देऊ नयेत. लवकर काम करून देतो म्हणणाऱ्याला पैसे तर मुळीच देऊ नयेत. ज्या व्यवसायाचा पाया विश्वास आहे, त्याचा पहिलाच कागद चिरीमिरी देऊन मिळवावा, यासारखा अपशकुन नाही.

परदेशात शिकलेल्यांना २००२ पासून चाळणी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच येथे नोंदणी मिळते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांच्या परिषदा आणि नोंदवह्या स्वतंत्र आहेत. एका शास्त्राच्या नोंदणीवर दुसऱ्या शास्त्राची औषधे देणाऱ्याच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने कठोर शब्द वापरले, ते प्रकरण मुंबईतीलच होते. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास २०१९च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आणि नोंदणी एकदाच करून भागत नाही. महाराष्ट्रात दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या काळात निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० गुणांक मिळवावे लागतात. अध्ययन संपले असे वैद्याने कधी म्हणू नये, हाच याचा आशय.

क्रमांकाचे वजन

हा क्रमांक हाती आला की पेनाचे वजन बदलते. कल्पना करावी, ग्रामीण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्यानेच रुजू झालेली तरुण डॉक्टर आहे. मध्यरात्री एका सुनेला भाजलेल्या अवस्थेत आणले जाते. सोबतचे लोक सांगतात, स्टोव्हचा भडका उडाला. गावातील वजनदार माणूस शेजारी उभा आहे. त्या डॉक्टरने कागदावर काय लिहिले, जखमांचे वर्णन कसे केले, जबाबाच्या वेळी रुग्ण शुद्धीवर होती की नाही याची नोंद कशी केली, यावर पुढे न्यायालयात एका मुलीचा न्याय अवलंबून असतो. मृत्यूचे कारण, शारीरिक क्षमता, वय, आजारपण या सर्वांवर नोंदणीकृत डॉक्टरची स्वाक्षरी चालते, कारण समाजाने त्या स्वाक्षरीला सत्य मानायचे ठरविले आहे. म्हणूनच २००२च्या आचारसंहितेने नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी भागी लावावा, चिठ्ठी, प्रमाणपत्र आणि पावती यांवर लिहावा, असे सांगितले आहे. आपण कोण, हे लपविण्याची सोयच ठेवलेली नाही.

याच वजनामुळे क्रमांकाला बाजारात गिऱ्हाईकही मिळते. नवा डॉक्टर शैक्षणिक कर्जाच्या ओझ्याखाली असतो, पदव्युत्तर प्रवेशाची तयारी चालू असते, उत्पन्न नसते. अशा वेळी कोणी येऊन सांगतो, काही करायचे नाही, फक्त प्रमाणपत्राची प्रत भिंतीवर लावू द्या, महिन्याला अमुक रक्कम खात्यात जमा होईल. कोणी म्हणतो, तपासणीच्या दिवशी फक्त हजर राहा, अध्यापक म्हणून नाव लागेल. कोणी प्रयोगशाळेच्या कोऱ्या अहवालांवर सह्या मागतो. मागणी छोटी वाटते. पण त्या पाटीवर विश्वासून आत गेलेल्या रुग्णाला भलत्याच माणसाने इंजेक्शन दिलेले असते. जे घडेल त्याचा पहिला जबाब क्रमांकाच्या मालकाला द्यावा लागतो आणि नोंदवहीतून नाव निघाले तर ते दुःख घरादाराचे असते.

पालकांनीही येथे अंतर्मुख व्हावे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च ‘वसूल’ करण्याची भाषा पहिल्यांदा कोठे ऐकू येते? बहुतेक वेळा ती घरातच, जेवणाच्या ताटावर ऐकू येते. बाहेरचा माणूस मोह दाखवितो, पण त्या मोहासाठी जमीन घरात नांगरलेली असते. एका डॉक्टरच्या शिक्षणात आईवडिलांच्या कष्टाबरोबर करदात्याचा पैसा असतो, रुग्णालयात विद्यार्थ्यांसमोर आपली व्याधी उघडी करणाऱ्या गरीब रुग्णांचा वाटा असतो आणि मृत्यूनंतर देहदान करणाऱ्या अनामिकांचे ऋणही असते. या साऱ्यांची वसुली कोणी मागायची?

उदाहरणे फार दूरची शोधावी लागत नाहीत. १९६६ साली, लातूर हे जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते तेव्हा, डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांचे सहकारी तेथे गेले आणि विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात तो परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा हे रुग्णालय लोकांच्या हाकेला तत्पर होते. १९८९ साली छत्रपती संभाजीनगर येथे तरुण डॉक्टरांच्या अशाच एका गटाने डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले. या मंडळींचे नोंदणी क्रमांक इतरांसारखेच होते. त्यांनी त्या क्रमांकाचा विनियोग कोठे करायचा, एवढे वेगळे ठरविले.

सर्वांनीच खेड्यात जावे असे कोणी म्हणणार नाही. शहरातील दवाखान्यातही प्रामाणिक निदान, अनावश्यक तपासण्या टाळणे, दलाली न घेणे आणि ‘हे माझ्या आवाक्यातले नाही, पुढे जा’ असे वेळीच सांगणे, हे व्रतच आहे. त्यासाठी वेगळ्या संस्थेची गरज नसते.

येत्या काही दिवसांत परिषदेचे प्रमाणपत्र घरी येईल. ते चौकटीत बसवून भिंतीवर लागेल. लावण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसून ते वाचावे. त्यावरील क्रमांक विद्यार्थ्याचा, पण त्यामागचा विश्वास समाजाचा आहे. सुश्रुताने ज्या विशिखेचे वर्णन केले, ती आता घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली आहे. त्या वाटेवर स्वच्छ हाताने पहिले पाऊल पडावे, एवढीच सदिच्छा.