वादळग्रस्तांची गोधडी



आजचा विषय वाचून, चक्रीवादळाचे शास्त्र ऐकावयास मिळेल, अशी आपणांपैकी काहींची समजूत झाली असेल. वादळ कसे उठते हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते वादळ ओसरल्यानंतरचे, आणि तेही एका साध्या वस्तूविषयी. अनोळखी माणसाने हाताने शिवून पाठविलेली गोधडी ही ती वस्तू. ती पाठवावी की नाही, पाठविली तर कशी पोचवावी, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु त्याचे उत्तर चुकले म्हणजे त्याचा भार देणाऱ्यावर पडत नाही, घर गमावलेल्या माणसावर पडतो.

29 ऑगस्ट 2005 रोजी ‘कॅटरिना’ नावाचे वादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. शेजारच्या मिसिसिपी राज्यात समुद्राची पातळी काही ठिकाणी 28 फुटांच्या जवळपास चढली. कित्येक घरांच्या जागी नुसता चौथरा उरला. न्यू ऑर्लिन्सच्या क्रीडाघुमटात अडकून पडलेल्या हजारो माणसांना बसगाड्यांतून टेक्सासमधील ह्यूस्टनला नेण्यात आले. तेथील ‘ॲस्ट्रोडोम’ नावाच्या घुमटात आणि आसपासच्या सभागृहांत खाटांच्या रांगा लागल्या.

महिना सप्टेंबरचा, हवा आपल्या कोकणासारखी दमट. अशा ठिकाणी गोधडी कशाला, असे आपण विचाराल, आणि प्रश्न रास्त आहे. एक उत्तर असे की, 1965 साली उघडलेला हा घुमट सबंध वातानुकूलित होता. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाला तेथे रात्री पांघरूण लागे. दुसरे उत्तर असे की, निराश्रितांचा मुक्काम सप्टेंबरपुरता नव्हता. सरकारने पुढे राहावयास दिलेल्या चाकांवरच्या पत्र्याच्या घरांत हजारो कुटुंबांनी एकाहून अधिक हिवाळे काढले. तिसरे उत्तर मात्र हवामानाचे नव्हे, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. आपत्ती ओढवली की लोकांचे अंतःकरण द्रवते, आणि पहिली उघडते ती कपाटातली जुन्या कपड्यांची फळी. 1998 च्या ऑक्टोबरात ‘मिच’ वादळाने होंडुरास आणि निकाराग्वा या देशांची दुर्दशा केली. दहा हजारांहून अधिक माणसे मेली. त्या वेळी होंडुरासमध्ये मदत घेऊन आलेल्या विमानाला उतरता येईना, कारण धावपट्टीवर दान आलेल्या कपड्यांचे ढीग होते, असे मदतकार्यात असलेल्या एका अमेरिकन बाईंनी पुढे सांगितले आहे. उष्ण देशाला हिवाळी कोट! कॅटरिनानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावरही मोटारी उभ्या करण्याच्या मोकळ्या जागांत कपड्यांचे डोंगर पावसात भिजत पडले. आणि हसावयाचे तर आपण अमेरिकेला तरी का हसावे? 2004 च्या त्सुनामीनंतर आपल्याच तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, जुन्या कपड्यांचे असेच ढीग साचले होते. सर्वस्व गेलेल्या कोळ्यांनी त्यांना हात लावावयास नकार दिला. ‘गूंज’ या संस्थेने पुढे ते कपडे उचलले, निवडले आणि कामी लावले. पण मदत म्हणून पाठविलेली वस्तू आवरण्यासाठी दुसरी मदत लागावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

म्हणून मदतकार्यात मुरलेली माणसे एकमुखाने सांगतात की, पैसे द्या. पैशाला गोदाम लागत नाही, त्याचे माप चुकत नाही, आणि तो जिथे पोचतो तिथल्या दुकानदाराचे दुकानही पुन्हा उभे राहते. हे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मग गोधडीची बाजू मी कशी घेणार?

टाकलेली वस्तू आणि केलेली वस्तू यांत फरक आहे, असे माझे उत्तर आहे. जुना सदरा पाठविणारा आपले कपाट मोकळे करीत असतो. गोधडी शिवणारी बाई मात्र काही दिवस, कधी काही आठवडे, आपल्या आयुष्यातून काढून देत असते. परंतु एवढ्यानेही भागत नाही. शिवणारीचा उत्साह घेणाऱ्याच्या गरजेला बांधला गेला पाहिजे, आणि ते बांधण्याचे काम नियम करतात. 1945 साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपसाठी स्थापन झालेली ‘लुथेरन वर्ल्ड रिलीफ’ ही संस्था गोधडीचे माप सांगते: रुंदी 60 इंच, लांबी 80 इंच. कापड टिकाऊ हवे, धुता आले पाहिजे. संस्था ख्रिस्ती असूनही धर्मचिन्ह नको म्हणते. झेंडा नको, लष्करी छाप नको. ही गोधडी कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नाही, तेव्हा ती कोणालाच परकी वाटू नये, हा त्यातला विचार. आपल्याकडे बाया धावदोऱ्याने सबंध गोधडी भरतात. तेथे थर एकत्र राहावेत म्हणून थोड्या थोड्या अंतरावर नुसत्या दोऱ्याच्या गाठी मारल्या तरी चालतात. काम लवकर होते. आणि एकदा पोचली की ती नुसते पांघरूण राहत नाही. कोणी जमिनीवर अंथरते, कोणी उन्हाला आडोसा करते, कोणी तिच्यात चीजवस्तू बांधून वाट धरते, कोणी पोर पाठीशी घेते. आपल्या घोंगडीचे सोळा उपयोग सांगणाऱ्या धनगराला यात नवल वाटणार नाही.

मुलांचा प्रकार जरा निराळा. कॅरन लाउक्स या बाईंनी 1995 च्या नाताळात एक लेख वाचला. कर्करोगावरचे कडक उपचार सोसणारी एक चिमुरडी आपले लहानपणचे पांघरूण हातचे सोडीत नसे. त्या लेखातून ‘प्रोजेक्ट लायनस’ उभा राहिला. शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतला लायनस हा मुलगा पांघरूण सदैव बरोबर बाळगतो, त्याचे हे नाव. आजारी आणि आपत्तीत सापडलेल्या मुलांना हाताने केलेली नवी पांघरुणे देणे हे त्यांचे काम. कॅटरिनाच्या मुलांपर्यंतही ती पोचली. विनिकॉट या इंग्रज बालवैद्याने 1951 सालीच सांगितले होते की, आई जवळ नसताना मूल अशा एखाद्या चिंधीच्या आधाराने स्वतःला सावरते. आपल्या आज्यांना हे विनिकॉटच्या आधीपासून माहीत होते. त्यांनी निबंध लिहिला नाही एवढेच.

आता ते तिसरे उत्तर. अमेरिकेच्या दक्षिणेत गोधडी ही घरातली वडिलोपार्जित वस्तू असते. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर ‘जीज बेंड’ नावाचे कृष्णवर्णीयांचे खेडे आहे. तेथल्या बायांनी फाटक्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्या गावच्या मिसूरी पेटवे या बाईंनी 1942 साली, नवरा वारल्यावर, त्याच्याच शेतातल्या कपड्यांची एक गोधडी केली. आईच्या लुगड्याची गोधडी ज्याने पांघरली आहे त्याला मी अधिक काय सांगू? कॅटरिनाचे पाणी घरात शिरले तेव्हा पलंग गेले, कपाटे गेली, त्यांचे पैसे विमा कंपनीकडे मागता येतात, मिळोत वा न मिळोत. अशा गोधडीचा दावा कोणत्या कलमाखाली करावयाचा? परक्या बाईने पाठविलेली गोधडी ती जागा भरून काढीत नाही, काढू शकत नाही. पण सगळ्यांना सारखे मिळालेले, शिक्का मारलेले, राखी रंगाचे पांघरूण आणि एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेले पांघरूण यांतला फरक घेणाऱ्याला कळतो.

तो कळावा म्हणूनच पोचविण्याची रीत महत्त्वाची. घाई करू नये. पहिल्या आठवड्यात पाणी, औषध आणि पैसा यांचे राज्य असते, तेव्हा गोधड्यांच्या गठ्ठ्यांनी वाट अडवू नये. माणसाला चार भिंती मिळाल्या की त्यानंतर जावे, आणि तिथल्या ओळखीच्या माणसाला विचारून जावे. गठ्ठा उघडून गोधड्या मेजावर पसराव्यात आणि घेणाऱ्याला आपली आपण निवडू द्यावी. ज्याची निवडच वादळाने काढून घेतली त्याला निळी की तांबडी एवढे तरी ठरवता यावे. आणि कृपा करून त्या वेळी छायाचित्रकाराला बरोबर नेऊ नये.

राहता राहिला नावाचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील स्त्रियांनी बाँबने घरे गेलेल्या इंग्रज कुटुंबांसाठी हजारो गोधड्या शिवून धाडल्या. त्यांच्या कोपऱ्यात एक लहानशी पट्टी शिवलेली असे: कॅनेडियन रेडक्रॉस सोसायटीची भेट. त्यांतल्या काही गोधड्या इंग्लंडमध्ये आजवर जपून ठेवलेल्या आहेत. कोणती कोणी शिवली, हे बहुतेकींच्या बाबतीत कोणालाही सांगता येत नाही.