शिकलेलं वर्ष माहेरीच राहू नये

(देवगाव फाटा इथं कॉलेजातल्या मुली, त्यांच्या आया आणि बचतगटांतल्या बाया यांच्या बैठकीत केलेलं भाषण. छापताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विद्यापीठाचे नियम हा काय फाट्यावर बसून बोलायचा विषय आहे का, असं तुमच्यापैकी कुणाला वाटत असेल. दारू, मारहाण, हुंडा, रेशनकार्ड हे आपले नेहमीचे विषय. पण लेकीचं कॉलेज का सुटलं असं विचारलं की आपण तीन कारणं सांगतो: पैसा नव्हता, एसटी नव्हती, लग्न झालं. चौथं कारण आपण सांगत नाही, कारण ते कागदात असतं आणि कागद आपल्या हातात नसतो. आज त्या चौथ्या कारणाबद्दल बोलायचं आहे.

आपण बसलो आहोत ती जागा बघा. इथून एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला, आणि एक मंठ्यावरून जालन्याला. आपल्या सोयरिकी या तिन्ही रस्त्यांवर आहेत. आता समजा, सेलूच्या कॉलेजात बी.ए.चं दुसरं वर्ष पास झालेली एक मुलगी आहे. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सासर मंठा तालुक्यातलं. बोली तीच, बाजार तोच, पाहुणेही तेच. सासरचे म्हणाले, शिकू दे, मंठ्याला कॉलेज आहे. एवढे चांगले सासरचे किती जणींना मिळतात? तरीही तिचं शिक्षण अडतं, कारण जिल्हा बदलला आणि जिल्ह्याबरोबर विद्यापीठही बदललं. परभणी जिल्ह्यातली कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली येतात, जालना जिल्ह्यातली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली.

ही रेघ काही देवानं आखलेली नाही. १९८१ साली जालना जिल्हा झाला, तोवर परतूरकडची गावं परभणी जिल्ह्यातच होती. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि पुढं १९९४ सालापर्यंत मराठवाड्यातली बी.ए.सारख्या पदव्यांची कॉलेजं त्याच एका विद्यापीठाखाली होती. १९९४च्या सप्टेंबरात नांदेडचं विद्यापीठ निघालं. ते आपल्यासाठी चांगलंच झालं, विद्यापीठ जवळ आलं. पण त्या दिवसापासून या फाट्याच्या अलीकडच्या मुली एका विद्यापीठाच्या आणि पलीकडच्या दुसऱ्याच्या झाल्या. सोयरिकी मात्र होत्या तशाच चालू राहिल्या.

विद्यापीठ बदलायचं म्हणजे काय काय लागतं? जुन्या कॉलेजचा दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं. मग नव्या विद्यापीठाचा पात्रता विभाग तपासतो की तुमचा अभ्यासक्रम आमच्याशी जुळतो का. जुळला तर प्रवेश. नाही जुळला तर राहिलेले पेपर द्या, नाहीतर पुन्हा खालच्या वर्गात बसा. तिकडच्या कॉलेजात तिचा मुख्य विषयच नसेल तर बोलणंच खुंटलं. नव्या नवरीनं हे सगळं जून-जुलैत, पेरणीच्या दिवसांत, सासऱ्याची परवानगी काढत करायचं. दोन हेलपाट्यांनंतर घरात वाक्य येतं: "जाऊ दे आता, पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष येत नाही.

नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं एक विद्यार्थी असतो. तो एका गावात राहतो, एका कॉलेजात नाव घालतो आणि तीन वर्षांनी तिथूनच पदवी घेऊन बाहेर पडतो. तो विद्यार्थी मुलगा असतो. मुलीचं गाव वीस-एकविसाव्या वर्षी बदलतं, हे गृहीत धरून नियम कुणी लिहिले नाहीत. त्यात आपला जिल्हा कसा आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सगळ्या महाराष्ट्राचा आकडा जवळपास २२ टक्के होता. म्हणजे निम्म्या मुली कॉलेजच्या वयाला पोचायच्या आधीच गेल्या. ज्या उरल्या त्यांची तरी दोन वर्षांची मेहनत वाया जाऊ नये, एवढीच आपली मागणी आहे.

आता नवीन काय आलं ते सांगते. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी क्रेडिटमध्ये मोजतात, मराठीत श्रेयांक म्हणतात. साधारण पंधरा तास शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. वर्षाला किमान ४०, तीन वर्षांची पदवी म्हणजे किमान १२०. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत ही पद्धत २०२४-२५ पासून आली. त्याआधी २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं क्रेडिटची बँक काढली. मुलीनं कमावलेली क्रेडिटं तिच्या नावावर जमा होतात आणि दुसऱ्या संस्थेत नेता येतात, असं त्यात म्हटलं आहे. ऐकून मला आपल्या जुन्या शब्दाची आठवण झाली: स्त्रीधन. माहेरहून आणलेलं, तिच्या मालकीचं, सासरीही तिचंच. पण स्त्रीधनाचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. नाव तिचं आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. इथंही तसंच होऊ शकतं. ते कसं, ते बघू.

पहिली गोष्ट, या बँकेत मुलीला स्वतः काही भरता येत नाही. संस्थेनं भरलं तरच जमा होतं. खातं उघडलं आणि त्यात काहीच नाही, असंही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट नावाची. गुणपत्रकावर वडिलांचं नाव. लग्न झाल्याबरोबर आधारकार्डावर नवऱ्याचं नाव चढवायची घाई होते. मग दोन्ही कागद जुळत नाहीत. त्यात ओटीपी येतो बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या मोबाईलवर. मुलीचं खातं आणि निरोप पुरुषाच्या खिशात!

तिसरी गोष्ट हिशेबाची, ती नीट ऐका. या बँकेच्या नियमात असं आहे की जी संस्था पदवी देणार, तिच्याकडे निम्मी तरी क्रेडिटं कमवायला हवीत. १२०ची निम्मी ६०. आपल्या मुलीनं इकडं दोन वर्षांत ८० कमावली, तिकडं उरली ४०. तिकडच्या विद्यापीठानं पदवी द्यायची म्हटलं तर २० कमी पडतात. म्हणजे जिचं शिक्षण जास्त झालं तीच जास्त अडते. पण हाच हिशेब उलटा करून बघा. पदवी माहेरच्या विद्यापीठानंच द्यायची. तिथली ८० आहेत, ६०च्या वर आहेत. उरलेली ४० तिनं सासरजवळच्या कॉलेजात बसून कमवायची आणि माहेरच्या विद्यापीठानं ती मान्य करायची. नियमाच्या चौकटीत हे बसतं. त्यासाठी दोन विद्यापीठांनी एकमेकांची क्रेडिटं धरायचं ठरवलं पाहिजे आणि ते लेखी जाहीर केलं पाहिजे. क्लार्कच्या मर्जीवर ते सोडून चालणार नाही.

अजून एक सावधगिरीची गोष्ट. नव्या पद्धतीत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी चार क्रेडिटांचा एखादा व्यवसायाचा कोर्स वरून करावा लागतो. जिला खरोखर थांबावं लागतं तिच्या हातात काहीतरी पडतं, हे चांगलं. पण मला भीती वाटते ती घरच्यांची. "प्रमाणपत्र मिळालं ना, मग आता स्थळ बघू," हे म्हणायला एक सोय झाली. बाहेर जायचं दार रुंद केलं आहे. परत यायचं दार तीन वर्षांत गाठायचं आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची. सात वर्षं पुष्कळ वाटतात. पण त्यात दोन बाळंतपणं आणि सासूचं एक आजारपण घाला, मग किती उरतात ते बोटांवर मोजा. म्हणून बाळंतपणाचा काळ या सात वर्षांत धरू नये, ही मागणीसुद्धा आपण केली पाहिजे.

हे ठरवतं कोण? २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ते लिहिलेलं आहे. विषयात काय शिकवायचं ते अभ्यास मंडळ सुचवतं. पदवीचे नियम, कोणता अभ्यासक्रम कशाच्या बरोबरीचा, हे विद्या परिषदेत ठरतं. आणि अधिसभा आहे, जिथं लोकांच्या वतीनं प्रश्न विचारता येतात. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात, त्यातली एक जागा बाईसाठी राखीव आहे. पण मतदार यादीत नाव आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. आपल्यातल्या किती पदवीधर बायांनी तो केला आहे? निवडणुकीला पुरुषांची पॅनेलं उभी राहतात आणि आपल्याला त्याची खबरही नसते.

नियम बदलत नाहीत असं समजू नका. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी बायांसाठी वेगळं विद्यापीठ काढलं आणि मातृभाषेतून शिकवायचं ठरवलं. बायांना सोयीचं व्हावं म्हणून बाहेरून परीक्षेला बसायचीही वाट ठेवली. "बायांना उपयोगी" विषय कोणते, हे तेव्हाही पुरुषांनीच ठरवलं, ते आपण विसरायचं नाही. पण पदवीचा नियम बाईच्या आयुष्याकडे बघून लिहिता येतो, हे त्यांनी दाखवलं. त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडलं. पुढं १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं आणि शाळा सुटलेल्या बायाही पदवीपर्यंत गेल्या. कुणीतरी मागितलं, भांडलं, म्हणून हे झालं.

तर आता कामं वाटून घेऊ. मुलींनो, क्रेडिटचं खातं स्वतःच्या मोबाईल नंबरावर उघडा, आणि दर सत्राला जमा झालं का ते बघा. नसेल तर कॉलेजला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पदवी हातात येईपर्यंत आधारवरचं नाव बदलू नका. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. मावश्यांनो, सोयरीक ठरवताना तुम्ही देणंघेणं, मानपान, आहेर सगळं बोलता. त्याच बैठकीत विचारा, तिची परीक्षा कुठं होणार, फी कोण भरणार, कॉलेजला जायला एसटी किती वाजता आहे. आणि तारीख परीक्षेच्या नंतरची धरा. पदवीधर बायांनो, मतदार नोंदणीचा अर्ज भरा. आणि आपण सगळ्यांनी मिळून दोन्ही विद्यापीठांना एक निवेदन द्यायचं आहे. त्यात मागण्या तीनच: एकमेकांची क्रेडिटं धरण्याचा नियम मराठीत जाहीर करा, लग्नानं गाव बदललेल्या मुलीचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली काढा, आणि बाळंतपणाचा काळ सात वर्षांतून वगळा.

निवेदनाचा कागद मागं ठेवला आहे. जिला लिहिता येतं तिनं सही करा. जिला येत नाही तिनं अंगठा द्या, पण शेजारी आपलं नाव लिहून घ्या, स्वतःचं नाव. कॉलेज सोडलेल्या ज्या मुली आज आल्या आहेत, त्यांनी जाण्याआधी मला किंवा गटाच्या ताईंना भेटा. कितवं वर्ष झालं होतं आणि सासर कोणत्या तालुक्यात आहे, एवढं सांगितलंत तरी पुरे. निवेदनाबरोबर ती यादी आपल्याला जोडायची आहे.