गोड बोलून ड्रॅगन खिशात!

आज तलवार नाही, फायरबॉल नाही. आजचा विषय आहे टेबलटॉप गेममधलं सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात डेंजर शस्त्र: गोड बोलणं.

नवीन लोकांसाठी पटकन सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा १९७४ साली आलेला गेम. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. बाकीचे आपापलं कॅरेक्टर खेळतात. काही अवघड करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपलं कौशल्य मिळवायचं आणि ठरलेला आकडा गाठायचा. बस्स.

आता २००३ ची ३.५ आवृत्ती घ्या. त्यात डिप्लोमसी नावाचं कौशल्य आहे. समोरचा जिवावर उठलेला असेल, तर २५ आकडा गाठला की तो शांत. ३५ गाठला की दोस्त. ५० ला तर मदतीला हजर!

गंमत अशी की हा आकडा समोर कोण आहे ते बघतच नाही. गल्लीतला चोर असो, नाहीतर हजार वर्षांचा ड्रॅगन, २५ म्हणजे २५. आम्ही कोडवाले याला हार्डकोडेड व्हॅल्यू म्हणतो. असं काही दिसलं की लोक त्याचा फायदा घेणारच.

गणित करूया. पाचव्या लेव्हलचा हाफ-एल्फ बार्ड. डिप्लोमसीत ८ रँक. थापा मारणं, मन ओळखणं आणि राजघराण्यांची माहिती, या तिन्हींत पाच-पाच रँक असल्याचे ६. हाफ-एल्फ म्हणून २. करिश्मा १८ असल्याने ४. दोन फीटचे मिळून ५. झाले २५! म्हणजे फासा १ पडला तरी बेरीज २६. एक मिनिट बोलायला मिळालं की कुठलाही शत्रू गार. घाईत, म्हणजे सहा सेकंदांत बोललात तर १० वजा होतात, तरी निम्म्याहून जास्त वेळा काम होतं. अशा कॅरेक्टरला गेमवाले लाडाने 'डिप्लोमॅन्सर' म्हणतात.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये एकाने हाच बार्ड आणला. डीएम मी. दरोडेखोर आले, भाऊ बोलला, दरोडेखोर बसले. ओगर आला, भाऊ बोलला, ओगर पण बसला. आम्ही हसून हसून लोटपोट. पण तिसऱ्या रविवारी बघतो तर फायटर खेळणारा मित्र मोबाईलवर रील्स बघतोय. बिचाऱ्याने दोन आठवडे खपून ढाल-तलवारीचं कॅरेक्टर बनवलं होतं, आणि तलवार म्यानातून बाहेरच आली नव्हती. आठवड्यातून कसेबसे तीन तास मिळतात हो आम्हाला!

मग काय, बार्डवर बंदी? तेही बरोबर नाही. त्याने एकही नियम मोडला नव्हता. आणि बोलून लढाई टाळणं ही तर या गेमची मजा आहे.

यावर 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही वेबकॉमिक काढणाऱ्या रिच बर्ल्यू यांनी मस्त तोड सुचवली होती. आकडा फिक्स ठेवायचाच नाही. समोरच्याची लेव्हल किती, तो किती शहाणा, आपलं त्याच्याशी नातं काय आणि सौद्यात त्याचा फायदा किती, धोका किती, यावरून तो ठरवायचा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीची डीएम गाईडही याच दिशेने जाते. २० आकडा आला तर शत्रू ऐकतो, पण ज्यात त्याला धोका किंवा त्याग नाही तेवढंच.

आम्ही बर्ल्यूंची पद्धत घेतली. पुढच्या वेळी ड्रॅगन भेटला तेव्हा बार्डला नुसतं "मी डिप्लोमसी टाकतो" म्हणून चाललं नाही. मी विचारलं, "ठीक आहे, पण ड्रॅगनला यात काय मिळणार?" टेबलवर एकदम शांतता. मग फायटर म्हणाला, "त्याच्या गुहेचं रक्षण मी करतो ना!" आणि सौदा झाला. आता दोघंही गोष्टीत होते.

माझं म्हणणं एवढंच. एखाद्याची पॉवर जास्त असणं हा प्रॉब्लेम नसतो. समोरच्याला 'नाही' म्हणायची सोयच उरत नाही, तेव्हा गेम एकट्याचा होतो. त्यामुळे तुमच्या टेबलवर असा गोडबोल्या आला तर त्याला हाकलू नका. फासा टाकायच्या आधी फक्त विचारा: "समोरच्याला काय देतोस?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. फासे जपून ठेवा!