उठवलेल्या माणसांची दफ्तरे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



हळदीकुंकू, गाणी आणि फराळ यांच्या मध्ये जुन्या कागदपत्रांवरचे व्याख्यान ठेवण्याचे धाडस आपल्या चिटणीसबाईंनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानते. दफ्तर म्हटले की आपल्याला एक तर तलाठ्याचे आठवते, नाही तर मुलांचे. मी ज्या दफ्तरांविषयी बोलणार आहे ती घरादारातून उठवलेल्या माणसांची आहेत.

अशी दफ्तरे आता विद्यापीठे मुद्दाम सांभाळू लागली आहेत. निर्वासितांना मदत करणाऱ्या रेफ्युजी कौन्सिल या संस्थेचे कागद युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट लंडनने जतन केले आहेत. १९४७ च्या फाळणीत घर सोडलेल्या माणसांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवला आहे. त्यात नुसत्या सह्या-शिक्क्यांचे कागद नाहीत. गाडीत चढताना आईने काय उचलले, कुलपाची किल्ली कोणाजवळ दिली, असल्या गोष्टी आहेत. सरकारी कागदाला अशा गोष्टी विचारायचे सुचत नाही.

सरकारी कागदाला काय सुचते, हे पाहावयाचे तर आपल्या गावचेच उदाहरण घ्या. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेहून उचलले. तेव्हा त्याचे वय तिशीच्याही आत होते. रंगून, मद्रास असे करीत १८८६ च्या एप्रिलमध्ये त्याला रत्नागिरीस आणले. राणी सुपयालत बरोबर होती. दोन मुली मंडालेला झालेल्या, तिसरी वाटेत मद्रासला झाली, चौथी इथे. म्हणजे ही बाई राज्य गेल्याच्या दुःखात दोन बाळंतपणे परमुलखात करीत होती. आपण राजवाडा बघायला जातो तेव्हा हे आपल्या मनात येते का? राजवाडा तरी त्यांना कधी मिळाला? १९१० साली! तोवर चोवीस वर्षे ती मंडळी बंगल्यांतच राहिली. थिबा १९१६ च्या डिसेंबरात वारला. राणीला पतीचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारने नेऊ दिला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तो तसाच ठेवला होता, आणि १९१९ साली इथेच समाधी झाली.

हे सारे आपल्याला कळते ते बरेचसे जुन्या मुंबई सरकारच्या फायलींतून. खर्च किती झाला, पहारा कसा होता, राजाने कोणते अर्ज केले, माणके कोणाला विकली, याची टिपणे पहारा करणाऱ्यांनीच लिहिलेली. थोरल्या राजकन्येचे एका मराठी नोकरावर मन जडले आणि तिला मुलगी झाली, ही गोष्ट साहेबाच्या लेखी एक भानगड होती. पण ती राजकन्या १९१९ मध्ये आईबरोबर रंगूनला गेली आणि पुन्हा रत्नागिरीलाच परत आली. १९४७ साली ती इथेच वारली. तिची मुलगी इथल्या बायकांसारखीच मराठी बोलत, संसार करीत २००० सालापर्यंत जगली. आई इथे का परतली, शेजारणींशी काय बोलली, हे कोणत्या फायलीत सापडणार? ते सापडले तर आपल्या आजेसासूबाईंच्या बोलण्यातच सापडायचे.

आता आंबा घाट चढून माझ्याबरोबर कोल्हापूरला चला. शहराजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुले. १९४० पासून रशियाने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले होते. १९४२ मध्ये त्यांतले पुष्कळ जण इराणात सुटून आले, आणि तेथून काही हिंदुस्थानात. वळिवड्याला त्यांनी शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर उभारले, नाटके केली. पुढे ही माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. पण मला कौतुक वाटते ते त्यांच्या नंतरच्या कामाचे. लहानपणी त्या छावणीत वाढलेल्यांनी म्हातारपणी संघ केला, आपापल्या ट्रंका उघडल्या, दाखले, छायाचित्रे आणि आठवणी एकत्र केल्या, आणि २००० साली पोलिश भाषेत जाडजूड ग्रंथ काढला. पुढे तो इंग्रजीतही आला. म्हणून आज वळिवड्याची हकीकत त्यांच्या तोंडून ऐकता येते. थिबाच्या कुटुंबाची मात्र आपण दुसऱ्यांच्या तोंडून ऐकतो.

याच वळिवड्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला अधिक बोचते. पोलिश लोक गेल्यावर तिथे सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. तेच आजचे गांधीनगर! लग्नाचा बस्ता बांधायला आपण हौसेने जातो ते. एका परागंदा बाईने सोडलेली चूल दुसऱ्या परागंदा बाईने पेटवली. पहिलीची आठवण ग्रंथात आहे, १९१७ साली नव्हे, तर २०१७ साली वॉर्सात कोल्हापूरच्या नावाने स्मारकही झाले. दुसरीचे काय? १९४७ साली जी दहा वर्षांची होती, ती आता नव्वदीला टेकली आहे. दुकानात साडीचा भाव करताना गल्ल्यामागे बसलेल्या आजींना आपण कधी विचारले नाही की, तुमचे गाव कोणते?

काही जणी म्हणतील, हे विद्यापीठाचे काम, आपण काय करणार? विद्यापीठाकडे कपाटे असतात. कपाटात ठेवायचे ते घराघरांतूनच यावे लागते. राजवाड्यावर नोकरचाकर लागत, दूध-भाजी लागे. ते गावातूनच जात असणार. ज्यांच्या घरी अशी काही आठवण असेल त्यांनी ती सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्यावी, सुधारू नये. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घालावी. जुन्या छायाचित्राच्या पाठीवर कोण, कुठे, केव्हा एवढे मऊ पेन्सिलीने लिहावे. शाईने नको, ती पुढच्या बाजूला उतरते. पत्रे चिकटपट्टीने जोडू नयेत. आणि कोणी मूळ कागद मागितला तर नक्कल द्यावी, निदान पोच घेतल्याशिवाय मूळ देऊ नये.

चिटणीसबाईंनी फराळाच्या टेबलाशेजारी एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी सांगणारे कोणी आहे त्यांनी जाताना तीत नाव आणि आळी लिहावी. पुढच्या महिन्यापासून आम्ही दोघी-तिघी दुपारच्या वेळी घरी येऊ.