वावरातली वाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून चौघांनी मला एकच प्रश्न विचारला, "इंग्लंडात एवढी वर्षं राहून तू करतोस तरी काय?" नोकरीचं सांगायला लागलं की ऐकणारा जांभई देतो. म्हणून सुट्टीच्या दिवशीचं सांगतो. सुट्टीच्या दिवशी मी सायकल चालवतो. डांबरी रस्त्यावर नाही, टेकड्यांमधल्या मातीच्या वाटांवर. संयोजक म्हणाले, मग दहा मिनिटं त्यावरच बोल. बोलतो, पण इंग्लंडची गोष्ट आष्टीच्या शिवारात येऊन थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

टेकड्या म्हटल्यावर सह्याद्री डोळ्यांपुढं आणू नका. मी राहतो तो लंडनच्या दक्षिणेचा सरे परगणा. तिथली सर्वांत उंच टेकडी लीथ हिल, उंची २९४ मीटर. आपली आष्टी समुद्रसपाटीपासून त्याहून उंच आहे! म्हणजे ज्या माथ्यावर पोहोचून ते लोक घाम पुसतात, तो माथा आपल्या शाळेच्या मैदानाच्याही खाली आहे. १७६५ साली एका गृहस्थानं त्यावर मनोरा बांधला आणि त्या मनोऱ्यामुळं टोक हजार फुटांच्या वर गेलं. याचा त्यांना आजही अभिमान आहे. हवा स्वच्छ असली की तिथून एका बाजूला लंडन दिसतं आणि दुसऱ्या बाजूला समुद्राची रेघ.

तिथं चालवायची सायकल वेगळी असते. टायर रुंद, त्याला बोटभर दाते, पुढच्या चाकाला दणके झेलणारा फोर्क, आणि चढासाठी अगदी हलके गिअर. हवा थोडी कमी भरायची, म्हणजे टायर माती धरतो. या सायकलींचं वेड १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात सुरू झालं. पण इंग्लंडमध्ये खडबडीत वाटांनी साध्याच सायकली नेणाऱ्यांची 'रफ स्टफ फेलोशिप' नावाची संघटना १९५५ सालीच निघाली होती. आणि आपण? नळीखालून पाय घालून, कैची मारत, वडिलांची काळी सायकल ढेकळांतून आणणारे आपण सगळे त्याच संघटनेचे बिनपावतीचे सभासद होतो!

लीथ हिलच्या पश्चिमेला हर्टवुड नावाचं रान आहे. पाइनची झाडं, नेचे, आणि पायाखाली वालुकामय माती. वाळू पाणी शोषते, म्हणून पावसाळी हिवाळ्यातही तिथं सायकल चालते. खालच्या सपाटीला मात्र चिकणमाती आहे आणि ती आपल्या काळ्या रानासारखीच चाकाला धरून बसते. वाटांना नावंही गमतीची आहेत. होल्मबरी टेकडीवरच्या एका वाटेचं नाव 'योगर्ट पॉट्स', म्हणजे दह्याची मडकी. दुसरीचं 'बॅरी नोज बेस्ट', म्हणजे बॅरीलाच ठाऊक. आपण वावरांना आंब्याचं, खडकाळीचं, म्हसोबाचं अशी नावं देतो, तसंच ते. जवळच्या पीसलेक गावात रविवारी सकाळी दुकानापुढं चिखलानं माखलेल्या सायकलींची ही रांग लागलेली असते.

हे रान खाजगी मालकीचं आहे. १९२६ साली मालक रेजिनाल्ड ब्रे यांनी ते लोकांना हवा खायला आणि फिरायला कायमचं खुलं करून दिलं. सायकलवाल्यांच्या वाटा पुढच्या काळात, वापरता वापरता आणि लोकांनी राबून घडवलेल्या. रविवारी तिथं कुदळ-फावडी घेऊन माणसं जमतात. त्यांचं मुख्य काम एकच, वाटेवरचं पाणी बाजूला काढणं. वाटेला उताराकडं किंचित तिरकेपणा द्यायचा आणि ठिकठिकाणी छोटी उठावणी करायची, म्हणजे पाणी वाटेनं धावत न जाता बाहेर पडतं. पाणी वाटेनं धावलं की वाटेचा ओढा होतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण सगळ्याच जमिनींचे मालक असे उदार नसतात. मग हजारो शेतांमधून वाट कशी मिळते? तिथं १९४९ साली कायदा झाला. जिथून लोक पूर्वापार जात आले, त्या वाटा शोधून नकाशावर पक्क्या करायच्या. हे काम परगण्याच्या कौन्सिलांचं होतं. पण गावोगावच्या ग्रामसभांसारख्या मंडळांनी स्वतः वाटा चालून त्यांच्या नोंदी पाठवल्या. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. पायवाटेला पिवळा बाण, घोडेवाटेला निळा. १९६८ च्या कायद्यानं घोडेवाटेवर सायकलीलाही हक्क दिला; अट एकच, चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. समोरून घोडा आला की मी उतरतो, मोठ्यानं 'गुड मॉर्निंग' म्हणतो. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही. आणि फाटक उघडलं तर लावूनच पुढं जायचं. आत मेंढ्या असतात.

मला सर्वांत आवडलेला नियम १९९० सालचा आहे. वाट वावराच्या मधून जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते. पण पेरणीसाठी पहिल्यांदा मोडल्यावर १४ दिवसांत आणि त्यानंतर पुन्हा मोडली तर २४ तासांत ती चालण्याजोगी करून द्यावी लागते. पायवाट किमान १ मीटर, घोडेवाट किमान २ मीटर. आणि बांधाच्या कडेची वाट असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. गव्हाच्या हिरव्या शेतातून सरळ भांग पाडल्यासारखी वाट मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा सायकल उभी करून बघतच राहिलो. कारण मला आपली पांदण आठवली.

आपल्यापैकी निम्मे जण वाडीवस्तीवरून यायचो. माझी वस्ती इथून तीन किलोमीटर. मधली गाडवाट एवढी रुंद होती की दोन बैलगाड्या एकमेकींना चुकवून जात. दरसाल दोन्ही बाजूंनी एकेक तास आत आला. आज तिथं एका अंगानं कापूस आहे, दुसऱ्या अंगानं तूर, आणि मधे नुसता धुरा. मी कुणाला दोष देत नाही. वाटण्या होत होत वावरं एक-दीड एकरावर आली. ज्याच्याकडं एवढंच आहे, त्याला एक तासही सोडवत नाही. इंग्लंडमधली शेतं मोठी, तिथं दोन मीटर जाणवत नाहीत. हा फरक मान्य करूनच बोलायला पाहिजे.

तरी किंमत कोण मोजतंय ते बघा. माझी पुतणी नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. पावसाळ्याचे चार महिने ती सायकल पडवीत उभी असते. हिवाळ्यात ती हमरस्त्यानं दुप्पट अंतर येते आणि उसाच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या तिच्या कानाजवळून जातात. ज्या दिवशी घरच्यांना धीर होत नाही, त्या दिवशी तिची शाळा बुडते. सायकल दिली, शाळा दिली, मधली वाट तेवढी गेली.

आपल्याकडं कायदा नाही असं समजू नका. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्या-येण्याचा रस्ता ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. असलेला रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावानं योजना सुरू झाली. शेतरस्ता साधारण तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात व्हावी, असं शासनानं २०२५ मध्ये ठरवलं. म्हणजे कायद्यात आपण फार मागं नाही. त्यांच्या गावांनी १९४९ नंतर जे केलं, ते आपण केलेलं नाही: वाट चालून बघणं आणि लिहून ठेवणं. नकाशा दप्तरात आहे, वाट वावरात गेली आहे, आणि दोघांची गाठ कुणी घालून देत नाही.

म्हणून माझी या मेळाव्यापुढं एक विनंती आहे. शाळेला काहीतरी भेट द्यावी असं सकाळपासून बोलणं चाललं आहे. भिंतीवरचं घड्याळ द्या, पंखे द्या, चांगलंच आहे. त्यासोबत एवढं करू. ज्या वाड्या-वस्त्यांवरून आज मुलं येतात, त्यांचे गाव नकाशे रीतसर अर्ज करून मिळवू. दिवाळीच्या सुट्टीत वरच्या वर्गाची मुलं, एखादे सर आणि आपल्यातले इथं राहणारे दोघे-चौघे मिळून त्या वाटा चालू. कुठं वाट शाबूत आहे, कुठं मोडली आहे, कुठं पाणी आडवं येतं, हे वहीत उतरवू. मग त्या वावरांच्या धन्यांकडं जाऊ. आधी कागद नाही दाखवायचा. चहा घ्यायचा आणि पोरींच्या शाळेचं सांगायचं. सायकलीला गाडवाटेएवढी रुंदीही लागत नाही; धुऱ्याच्या कडेनं दोन हात मिळाले तरी पोर शाळेत पोहोचते. जिथं माणसं 'हो' म्हणतील तिथं मुरूम टाकू, ओढ्याच्या जागी सिमेंटची नळी बसवू. पहिल्या एका वाटेच्या मुरमाचा आणि नळ्यांचा खर्च माझ्याकडून. ट्रॅक्टर ज्याचा असेल त्यानं हात वर करावा.

(इथं सात हात वर झाले. – संपादक)

सात पुरे झाले! पहिली वाट कोणती घ्यायची ते इथल्या मंडळींनी ठरवावं. माझ्याच वस्तीची घ्या असा माझा हट्ट नाही. जिथून सर्वांत जास्त मुली येतात, ती घ्या.