टॉवर बदलतो, कीर्तन चालू राहतं

बारामतीहून इंदापूरला एसटीनं निघालात.
काटेवाडी मागे पडली.
भवानीनगर, बेलवाडी, निमगाव केतकी…
फोनवर कीर्तन चालू आहे.
वाटेत फोननं कितीतरी टॉवर बदलले.
तुम्हाला पत्ताही लागला नाही.

हे कसं घडतं?

फोन आजूबाजूचे सिग्नल सतत मोजतो.
चालू टॉवरला कळवतो.
पुढचा सिग्नल जोरदार झाला,
की जुना टॉवर नव्याकडे जागा मागतो.
होकार आला, की फोनला तिकडे धाडतो.

खरी कसोटी इथेच.

फोर-जीमध्ये फोन आधी जुना टॉवर सोडतो,
मग नवा धरतो.
मधे क्षणाचा अगदी छोटा अंश जातो.
पण कीर्तनाची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे,
जुन्या टॉवरकडे येतच असतात.

जुना टॉवर ती टाकून देत नाही.
नव्याकडे पाठवतो.
बदली झालेल्या माणसाची पत्रं
पोस्ट नव्या पत्त्यावर पाठवतं, तशी.

मग नेटवर्कचं मुख्य केंद्र पाकिटांची वाट बदलतं.
जुन्या वाटेनं एक शेवटची खूण पाठवतं.
म्हणजे, इकडून आता काही येणार नाही.
नवा टॉवर आधी मागची पाकिटं देतो,
मग ताजी.
क्रम बिघडत नाही.
मला यातली ही खूण फार सुंदर वाटते.

पुन्हा सांगतो.
जुना टॉवर उरलेलं टाकत नाही,
पुढे पाठवतो.

आषाढात याच वाटेनं तुकोबांची पालखी जाते.
वारीच्या गर्दीत पुढच्या टॉवरवर जागा नसेल,
तर तो नकार देतो.
मग फोन जुन्याच, क्षीण सिग्नलवर अडकू शकतो.

अशा वेळी घरच्यांना छोटा लेखी संदेश पाठवा.
त्याला जागा कमी लागते.