नाडीचा वळ आणि कमरेची जखम



त्वचेचा कर्करोग म्हणजे उन्हाने गोऱ्या लोकांना होणारा रोग, असा समज आहे. तो बराचसा खराही आहे; सावळ्या कातडीतील रंगद्रव्य आपले पुष्कळ रक्षण करते. पण आपल्याकडे हा रोग दुसऱ्याही वाटेने येतो. भाजल्याची असो की कुष्ठरुग्णाच्या तळपायाची, वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेतून तो उद्भवू शकतो.

१९४५ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडीचीही उदाहरणे आली. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीच्या उजव्या कुशीवर दीड वर्षे, दुसरीच्या दोन वर्षे जखम होती. दुसरी तर चाळीस वर्षे परकराविना लुगडे कसून नेसत होती.

नाडी रोज एकाच जागी घासते, त्यात घाम आणि धूळ. आधी कातडीचा रंग बदलतो, खपल्या निघतात, मग जखम होते. ती भरण्याआधी पुन्हा नाडी तिथेच. सलवारीच्या नाड्यालाही हेच लागू आहे. असा रोग क्वचितच होतो, हे खरे. पण जागा झाकलेली, आणि आपल्या आया-आजी दुखणे सांगत नाहीत. विद्यार्थ्यांनो, घरी विचारा. नाडी सैल व रुंद असावी, वळाची जागा बदलावी. महिनाभरात न भरलेल्या जखमेवर मलमे बदलत बसू नये; सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात तुकडा तपासून घ्यावा. वेळीच सापडल्यास जखम कापून काढल्याने बहुधा भागते.